पंप कोणाच्या हातून गेला

धामणकर नाक्याच्या अगदी मधोमध आमची पिकअप बंद पडली. मागे ग्रे, म्हणजे न रंगवलेल्या कोऱ्या कापडाचे तागे भरलेले, पुढे शेअर रिक्षांची रांग आणि स्टिअरिंगवर मी. चावी फिरवतेय, इंजिन खर्र खर्र करतंय, पण धरत नाही. मागून हॉर्नचा नुसता कालवा. एक रिक्षावाला ओरडला, "अरे मॅडम, घर जाके रोटी बनाओ ना!" मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि म्हटलं, "बनाकेच आयी हूं. तू खाके आया क्या? तो उतर, धक्का मार!" आणि मारला की त्याने! आणखी दोघं पानाच्या टपरीवरून आले आणि गाडी एकदाची कडेला लागली.

मी मूळची नारपोलीची. आमच्या घराच्या दोन्ही अंगांना लूमचे, म्हणजे यंत्रमागाचे कारखाने. त्या खडखडाटात आई रागावायची तीही ओरडून आणि लाडाने जवळ बोलवायची तीही ओरडून. त्यामुळे हळू बोलणं मला कधी जमलंच नाही. लग्न होऊन दापोड्याला आले, तेव्हा सासरच्यांना वाटलं की ही बाई पहिल्या दिवसापासून भांडायला लागली. मी नुसतं मीठ मागत होते.

तर गाडी. आमच्या गावचा धनेश तिथूनच आपली पिकअप घेऊन चालला होता, त्याने दोर बांधून आमची गाडी ओढत आणली. वाटेत गोडाऊनला तागे उतरवले. ओढल्या जाणाऱ्या गाडीत स्टिअरिंग धरून बसायचं म्हणजे काय असतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. गोडाऊनचे वॉचमन, हमाल, चहाच्या गाडीवरची पोरं, अख्खं दापोडं बघत होतं. रोज मी त्यांच्यासमोरून हॉर्न वाजवत जायचे. त्या दिवशी मान खाली घालून, हँडब्रेकवर हात ठेवून आले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अंगणात दादा उभेच होते. दादा म्हणजे भूपेशदादा, माझे थोरले दीर. गाडी दोघा भावांची सामायिक, त्यामुळे गाडीच्या बाबतीत त्यांचा शब्द आमच्याइतकाच. माणूस वाईट नाही. पण मी गाडी चालवते हे त्यांना पहिल्यापासून पटलेलं नव्हतं.

"मी तवाच सांगत होतो," दादा म्हणाले. "बाईच्या हाताला गाडी टिकत न्हाय."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात ह्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या काठी फरशीवर आपटली. गप्प बस, असा त्याचा अर्थ. मी गप्प बसले, पण आतून नुसती धुमसत होते.

आता ह्यांच्याबद्दल सांगायला हवं. नाव हरेश. दापोड्यात एक काळ असा होता की गोडाऊनवाले म्हणायचे, माल नाजूक आहे ना, मग हरेशला बोलवा. काचेचा माल असो की कोणाच्या हळदीच्या मांडवाचं सामान, ह्यांच्या गाडीतून कधी काही फुटून उतरलं नाही. सकाळी अंघोळीआधी गाडी धुवायची, मग स्वतः. गाडीचा आवाज तर असा ओळखायचे की विचारू नका. आम्ही जेवायला बसलेलो असायचो, बाहेर रस्त्यावरून कोणाची तरी गाडी जायची आणि हे घास हातात धरून म्हणायचे, "ह्याचा पट्टा सैल हाय." मी म्हणायचे, आधी जेवा, तो त्याचा पट्टा बघून घेईल.

आणि हट्टी म्हणजे किती! एकदा शहापूरला माझ्या मावशीकडे निघालो होतो. ह्यांनी गाडी भलत्याच फाट्याला घातली. रस्ता अरुंद होत गेला, मग डांबर संपलं, मग म्हशी लागल्या. मी म्हटलं, अहो, त्या म्हशीवाल्याला तरी विचारा. तर म्हणतात, "रस्ता बरोबर हाय. गावच पुढं सरकलंय." संध्याकाळी पोचलो. मावशीने विचारलं, एवढा उशीर का? हे म्हणाले, माधवीला निघायला उशीर झाला. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, असा माणूस. मी ओरडते, हे गप्प बसतात आणि शेवटी होतं ह्यांच्याच मनासारखं.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी हे उठले तर उजवा हात उचलेना. तोंड एका बाजूला गेलेलं, शब्द फुटेना. अर्धांगाचा झटका. जिवावरचं निभावलं, हळूहळू काठी घेऊन चालायला लागले, पण उजव्या हातात पकड आली नाही. बोलणं परत आलं, पण एकेक शब्द ओढून काढावा लागतो. विहिरीतून पाणी शेंदावं तसं. गाडी शेडखाली उभी राहिली. हे दिवसभर तिच्याकडे बघत बसायचे. मला ते बघवत नसे.

मग एक दिवस हेच म्हणाले, "तू... शीक."

घरात सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला सांगू? पण ह्यांनी डोक्यात घेतलं की घेतलं. रविवारी गोडाऊनच्या मधल्या गल्ल्या मोकळ्या असतात, तिथं मला न्यायला लागले. शेजारी बसून शिकवायचे. आता गंमत अशी की 'ब्रेक' हा शब्द ह्यांच्या तोंडून अख्खा बाहेर येईपर्यंत मी गोडाऊनच्या भिंतीला टेकलेली असायची. मग ह्यांनी काठी घेतली. डॅशबोर्डवर एक ठोका म्हणजे ब्रेक, दोन ठोके म्हणजे क्लच. आणि मी चुकले की ठोके मोजायची सोयच राहायची नाही, नुसता ताशा वाजायचा. पण शिकले. लायसन्स काढलं. वर्षभर नारपोलीच्या लूमवरचा माल दापोड्याच्या गोडाऊनला मी वाहत होते, आणि ह्यांनी घालून दिलेला एकेक नियम पाळत होते. चढावर गिअर कधी बदलायचा, माल कसा लावायचा, गॅस कुठं भरायचा, पेट्रोल किती ठेवायचं. मी घरात ह्यांचं एक ऐकत नाही, पण गाडीत बसले की ह्यांचा शब्द प्रमाण.

आणि मला ती गाडी आवडायला लागली होती. सरळच सांगते. स्टिअरिंगवर बसले की डोक्यातला सगळा कलकलाट बंद व्हायचा. त्याआधी मी घरी बसून कपड्यांचे धागे कापायचं काम करायची. मान मोडायची, डोळे चुरचुरायचे. गाडी गेली असती तर मला परत तिथंच बसायचं होतं. आणि ह्यांच्यासाठी दादांनी एका गोडाऊनच्या गेटवर वॉचमनची खुर्ची बघून ठेवली होती. मी मरेन, पण ह्यांना त्या खुर्चीत बसलेलं बघणार नाही, असं माझ्या मनात होतं.

त्या दिवशी अंगणात ह्यांनी मला चावी नुसती 'ऑन' करायला सांगितली. स्वतः गाडीच्या मागच्या अंगाला गेले, काठीवर भार देऊन वाकले आणि टाकीला कान लावला. "परत," म्हणाले. मी परत चावी फिरवली. "परत." मग उभे राहिले.

"घूं... येत न्हाय. पंप... गेला."

हा पंप म्हणजे टाकीच्या आतच बसवलेला असतो. टाकीतलं पेट्रोल ओढून इंजिनाला देतो. आमची गाडी गॅसवर चालते, पण सुरू होताना आधी पेट्रोलवरच होते, मग थोड्या वेळाने गॅसवर जाते. त्यामुळे पंप मेला की गाडी मेली. नाक्यावरच्या कोंडीत इंजिन एकदा बंद पडलं, ते म्हणूनच परत धरलं नाही.

दादा म्हणाले, "तुझ्याकडं सात वर्षं गाडी होती हरेश, तवा कधी पंप गेला? हिच्याकडं वर्षात गेला." मग थोडे थांबले आणि म्हणाले, "बघ, मला काय गाडीतलं कळत न्हाय. गॅरेजवाला त्याच्या सोयीचं सांगेल. तुला कळतं. तू खोल, बघ आणि सांग, पंप कोणाच्या हातून गेला. चालवण्यात चूक असेल तर रविवारी संध्याकाळी मी गिऱ्हाईक घेऊन येतो, गाडी देऊन टाकू. नसेल तर मी परत तोंड उघडणार न्हाय. तू सांगशील ते."

हे म्हणाले, "खोलल्यावर... सांगतो."

बायकोची बाजू घेऊन एक शब्द नाही! मी आत जाऊन भांडी घासायला घेतली. शेजारच्या चंद्राकाकूला वाटलं, घरात भांड्याचं दुकान निघालं.

रविवारी सकाळी कामाला लागलो. नवीन पंप आदल्या दिवशी धामणकर नाक्याच्या स्पेअरच्या दुकानातून मीच आणला होता. हे खुर्ची घेऊन गाडीच्या बाजूला बसले, मी खाली जुनी गोधडी अंथरली. डोकं ह्यांचं, हात माझे. चाकांना विटा लावल्या. गॅसच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद केला. बॅटरीची काळी तार आधी सोडवली. टाकीखाली जॅक, जॅकवर एक जाड फळी. सगळं ह्यांनी काठीच्या टोकाने दाखवायचं आणि मी करायचं.

टाकी दोन लोखंडी पट्ट्यांवर लटकलेली असते. पट्ट्यांचे बोल्ट गंजून बसलेले. मी उताणी पडून पान्याला लटकले तरी हलेनात. तोंडावर गंज पडतोय, केसांत माती जातेय.

"जोर... लाव."

"लावतेय ना! अजून किती लावू?"

"उलटा... लावतेस."

"मग आधी सांगायचं ना! खाली उताणं पडलं की उलटं काय आणि सुलटं काय!"

हे हसले. झटक्यानंतर ह्यांचं हसू एका बाजूलाच येतं. मला ते पूर्वीच्या हसण्यापेक्षा जास्त आवडतं, पण हे मी ह्यांना कधी सांगितलेलं नाही.

गंज सोडवायचा स्प्रे मारला, थोडा वेळ जाऊ दिला, मग बोल्ट किरकिरत सुटले. तेवढ्यात चंद्राकाकू गावदेवीला जाऊन आली ती पेटलेली अगरबत्ती हातात घेऊन थेट आमच्या अंगणात. रोज ओवाळते ती आमच्या तुळशीला, तशी आली. मी गाडीखालून किंचाळले, "काकू, तिथंच थांब! पेट्रोल आहे इथं! देवी राहील देवळात, आपण जाऊ वर!" काकू जागच्या जागी फिरली आणि म्हणाली, "जल्ला मेला तो पंप, सकाळच्या पारी मरणाच्या गोष्टी करतेय बाय!" त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

पाइप सुटले, तारेचा जोड सुटला, मी जॅक हळूहळू खाली घेतला. टाकी उतरली आणि मी दोन्ही हातांनी धरून ती बाहेर ओढली. मला वाटलं होतं, जड असेल, कोणाला तरी हाक मारावी लागेल. कसली जड! रिकाम्या डब्यासारखी हातात आली.

"अहो, बघा की, किती हलकी आहे!" मी खुश होऊन म्हटलं.

हे टाकीकडे बघत राहिले. मग काठीने टाकीवर टक् टक् केलं. आत पोकळ वाजलं.

पंपावरची गोल रिंग घट्ट बसलेली असते, ती ठोकून फिरवावी लागते. लोखंडी हातोडा ह्यांनी घेऊ दिला नाही, ठिणगी पडेल म्हणून. मी कपडे धुवायची लाकडी मोगरी आणली आणि रिंगच्या कडेने ठोकत ठोकत ती फिरवली. पंप वर आला. त्याचा तरंगणारा दांडा अडकू नये म्हणून तिरका करून काढला आणि ह्यांच्या डाव्या हातात दिला.

मला त्यातलं काही कळत नाही, पण तो पंप काळाठिक्कर पडला होता एवढं मलाही दिसलं. तारेचं प्लास्टिक वितळून चिकटलेलं. जळका वास येत होता. हे कितीतरी वेळ तो फिरवून फिरवून बघत होते.

"पेट्रोल... किती टाकायचीस?"

"तुम्ही सांगितलंत तेवढंच. लिटरभर. स्टार्टपुरतं. पेट्रोल जाळायचं नाही, सगळं गॅसवर."

"दिवा... पेटत होता?"

"कुठला? पेट्रोल संपत आल्याचा? मला काय माहीत! त्याच्यावर तुम्हीच एकवीरेचा स्टिकर लावलाय ना. रात्री डोळ्यांत पिवळं येतं म्हणून."

"गॅसची लाइन... मोठी असली की?"

"मग उभी राहायचे लाइनीत. कधी कधी तास तास. पण पेट्रोलवर गाडी मारली नाही. शपथ."

हे तो पंप मांडीवर ठेवून, त्याच्यावर हात ठेवून बसले. चेहरा पार उतरला. मला वाटलं, झालं. माझंच काहीतरी निघालं. चढावर मी गाडी फार ताणायची, खड्ड्यांतून जोरात काढायची, नाक्यावर चावी पन्नास वेळा फिरवली होती. त्यातलंच काहीतरी पंपाला लागलं असणार आणि ह्यांना माझ्या तोंडावर सांगवत नाहीये.

"काय झालंय? सांगा ना."

"दादा... आल्यावर."

"म्हणजे मला नाही सांगणार? गाडीखाली मी झोपलेय, डोळ्यांत गंज माझ्या गेलाय आणि निकाल दादांना?"

"नवीन... बसव."

मग मी जी कामाला लागले, ती रागातच. टाकी पुसली, नवीन पंप आत सोडला, बाणावर बाण जुळवला, रिंग फिरवली, मोगरीने ठोकली. टाकी फळीवर ठेवून वर चढवली, एक पट्टा आवळलाही. आणि हे काठीने जमिनीवर काहीतरी दाखवतायत. बघते तर पंपाबरोबर आलेली नवीन रबराची रिंग पिशवीतच! ती पंपाखाली बसली नाही तर पेट्रोल गळणार. परत पट्टा सोडवला, टाकी उतरवली, पंप काढला, रबर बसवलं, पंप घातला, टाकी चढवली. हे वाकडं हसत होते. मी म्हटलं, "हसा, हसा. दात पडतील एक दिवस." पण त्या हसण्याने माझा अर्धा राग गेला.

ह्यांनी धनेशला फोन लावून पेट्रोलचा कॅन मागवला होता. मी तोटीतून थोडं ओतलं आणि थांबले. "अजून," म्हणाले. आणखी ओतलं. "सगळं." मी सगळा कॅन ओतला. मनात म्हटलं, गाडी विकायचीय तर गिऱ्हाइकाला बरी दिसावी म्हणून चाललंय हे. माझे डोळे भरून आले, ते मी गंज गेलाय म्हणून पदराने पुसले.

बॅटरीची तार जोडली. मी आत बसले आणि चावी नुसती 'ऑन' केली.

घूंऽऽ.

दोन क्षण वाजलं आणि थांबलं. ह्यांनी बोट वर केलं. परत. घूंऽऽ. परत. मग मान डोलावली. मी चावी पूर्ण फिरवली आणि इंजिन पहिल्या झटक्यात धरलं. मी आतूनच ओरडले, "झालीऽऽ!" काय सांगू तुम्हाला, माझ्या या दोन हातांनी! पलीकडच्या अंगणातून चंद्राकाकूने बघितलं आणि लगेच तोंड फिरवलं. मी गाडीखाली वाकून बघितलं, थेंबसुद्धा गळत नव्हता. मग आठवलं की संध्याकाळी दादा येणार आहेत आणि मी इंजिन बंद केलं.

दादा आले. बरोबर कल्याणकडचं गिऱ्हाईक, शांत माणूस, पांढरा शर्ट. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, टायर बघितले, हौद्याचा पत्रा बघितला. मी चहा आणून दिला आणि दाराशी उभी राहिले. मी ठरवलं होतं, एक शब्द बोलायचं नाही. विनवणी तर नाहीच नाही.

"खोललास?" दादांनी विचारलं.

हे खुर्चीतून उठले. उठायला वेळ लागतो, दादा हात द्यायला पुढे झाले, ह्यांनी तो घेतला नाही. उभे राहिले आणि जळका पंप दादांच्या हातात दिला.

मग बोलायला लागले. मी इथं सलग सांगतेय, पण ह्यांना एकेक शब्दाला थांबावं लागत होतं, मध्येच लाळ पुसावी लागत होती. परक्या माणसासमोर हे कधी इतकं बोलत नाहीत.

"हा पेट्रोलमध्ये बुडलेला असतो. पेट्रोलनंच थंड राहतो. गाडी गॅसवर असली तरी हा आत फिरत असतो. टाकी कोरडी, तर हा जळतो."

"मग टाकी कोरडी कोणी ठेवली?" दादा म्हणाले.

"मी."

"तू कसा? गाडी ही चालवत होती."

"ठेवायला मी सांगितलं. सात वर्षं मीही एरवी तशीच ठेवली. दिव्यावर स्टिकर मी लावला. माझ्याकडं टिकला, कारण गॅसची लाइन मोठी दिसली की मी टाकी भरून पेट्रोलवर मारायचो. हिला कधी सांगितलं न्हाय. हिला सांगितलं, पेट्रोल जाळायचं न्हाय. ही उन्हात तास तास लाइनीत उभी राहिली." हे थांबले. श्वास घेतला. "चालवण्यात चूक न्हाय, दादा. हिची चूक एकच. माझं ऐकलं."

गिऱ्हाइकाने चहाचा कप हळूच ओट्यावर ठेवला. दादांनी तो पंप दोनदा उलटासुलटा केला, आपल्या धाकट्या भावाकडे बघितलं, मग माझ्याकडे. दादा शब्दाचे पक्के, हे मी आधीच सांगायला हवं होतं. ते गिऱ्हाइकाला म्हणाले, "शेठ, तुम्हाला उगाच फेरा पडला. गाडी द्यायची न्हाय." आणि त्याला सोडायला वेशीपर्यंत गेले. जाताना मला म्हणाले, "माधवी, उद्या नारपोलीला किती वाजता निघतेस? माझे दोन डबे टाकायचेत वाटेत." एवढंच.

ते दोघं दिसेनासे झाले आणि मी ह्यांच्यावर तुटून पडले. रडतही होते आणि ओरडतही होते, मला दोन्ही एकदम येतं.

"टाकी खाली आली तेव्हाच तुम्हाला कळलं होतं ना? सकाळीच? आणि मला दिवसभर टांगून ठेवलंत! माझ्या जिवाचं काय झालं असेल, एकदा तरी विचार केलात? मला आधी सांगायला काय झालं होतं?"

हे खुर्चीत बसले. काठी दोन पायांच्या मध्ये धरली आणि बराच वेळ शब्द गोळा करत राहिले.

"तुला सांगितलं असतं," हे म्हणाले, "तर तू... दादाला म्हणाली असतीस... 'ह्यांची चूक न्हाय... माझ्या हातून गेला.'"

मी म्हणालेच असते.